गोल राखणाऱ्यानंच गोल केला, तर?



फुटबॉल आपल्या घरात आला तो मुलांच्या बुटांबरोबर. क्रिकेटचं तसं नव्हतं. ते आपल्या लहानपणीच रेडिओतून, वडिलांच्या आणि मामा-काकांच्या गप्पांतून घरात शिरलं होतं, आणि भाजी निवडता निवडता आपल्यालाही त्यातलं पुष्कळ कळायला लागलं होतं. फुटबॉल मात्र एकदम दाराशी येऊन पडला, चिखलानं माखलेला! आता रात्री जेवणं आटोपून, ओटा पुसून झोपायला जावं, तर बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज बारीक करून कुठल्या तरी परदेशी क्लबची मॅच चाललेली. "कोण जिंकतंय रे?" म्हणून विचारलं, तर चिरंजीव मानही न वळवता म्हणतात, "आई, तुला नाही कळायचं."

तर आज कळून घेऊ या. पण सुरुवात मेस्सी-रोनाल्डोपासून नको. त्यांच्याविषयी सांगणारे घरोघरी आहेत. आपण सुरुवात करू या अशा एका खेळाडूपासून, ज्याचं काम आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. गोलकीपरपासून.

दहा जण मैदानभर धावतात आणि हा एकटा मागं राहतो. त्याच्या पाठीशी २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच अशी एक चौकट. तिला दार नाही, नुसती जाळी. दोन खोल्यांच्या भिंती एकीपुढे एक ठेवल्या तर होईल एवढी ती रुंदी, आणि ती एका माणसानं दोन हातांनी राखायची. त्यानं दहा चेंडू अडवले, तरी फलकावरचा आकडा हलत नाही. अकरावा सुटला की लगेच हलतो. उतू गेलेलं दूध सगळ्या घराला दिसतं. वेळेवर गॅस बारीक केला म्हणून जे उतू गेलं नाही, ते दूध कधी कुणाला दिसलंय का?

अशा ह्या राखणदारानं स्वतःच पुढं धावत जाऊन समोरच्यांवर गोल केला तर? चालतं का ते? चालतं. त्याला जागेवर बांधून ठेवणारं एकही कलम नियमांत नाही. पुष्कळांना वाटतं की आहे. त्याला हातानं चेंडू धरण्याची जी मुभा असते, ती फक्त त्याच्या गोलासमोरच्या आखलेल्या पेनल्टी-चौकोनापुरती. १९१२ पर्यंत तर त्याला आपल्या निम्म्या मैदानात कुठंही चेंडू हाताळता येत असे. मग ती मुभा आकसून चौकोनापुरती केली गेली. चौकोनाबाहेर पाऊल टाकलं की तो इतर दहांसारखाच पायांनी खेळणारा. हातानं फेकलेला चेंडू थेट समोरच्या गोलात गेला तर तो गोल धरत नाहीत, एवढंच. बाकी मैदानभर हिंडायला तो मोकळा आहे. त्याला अडवते ती पाठीमागं उघडी पडणारी चौकट.

क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकाशी त्याची तुलना करून पाहा. १९८३ साली नागपूरला पाकिस्तानविरुद्धच्या कसोटीत सय्यद किरमाणींनी चक्क गोलंदाजी केली आणि अझीम हाफीजचा त्रिफळा उडवला. सारा जन्म यष्टीमागं वाकून काढलेल्या माणसाची कसोटीतली ही एकुलती एक विकेट! पण यष्टिरक्षक चेंडू टाकायला गेला तर दुसरा कुणी त्याच्या जागी उभा राहू शकतो. फुटबॉलमध्ये चालू खेळात तशी सोय नाही. हात वापरण्याची परवानगी एकालाच, आणि तोच पुढं गेला तर मागं फार तर कुणी पायानं जमेल तसं अडवील.

आपल्या देशाच्या फुटबॉलमध्ये ह्या मागच्या-पुढच्याची एक गोष्ट आहे, ती मला फार आवडते. पीटर थंगराज हे हैदराबादचे. आपला मराठवाडाही १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता, तेव्हा ते आपल्याच जुन्या घरचे म्हणायला हरकत नाही. लष्करात भरती झाले तेव्हा ते सेंटर फॉरवर्ड खेळत, म्हणजे गोल करणाऱ्यांतले. पुढं त्या उंचापुऱ्या जवानाला गोलात उभं केलं गेलं, आणि १९५८ साली ते आशियातले सर्वोत्तम गोलकीपर ठरले. मेलबर्न आणि रोम अशी दोन ऑलिंपिकं ते खेळले, १९६७ साली अर्जुन पुरस्कार मिळाला. म्हणजे गोल करणारा माणूस गोल राखायला बसवला आणि त्यातच त्याचं नाव झालं.

ह्याच्या अगदी उलट गोष्ट १९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत घडली. जर्नेल सिंग हे बचावफळीतले खंदे खेळाडू. सामन्यात डोक्याला जबर मार लागला, टाके पडले. प्रशिक्षक होते सय्यद अब्दुल रहीम, तेही हैदराबादचेच. त्यांनी ह्या टाके घातलेल्या बचावपटूला चक्क पुढं आघाडीवर धाडलं. ४ सप्टेंबरला दक्षिण कोरियाविरुद्ध अंतिम सामना झाला. गोलात थंगराज. भारतानं तो २-१ असा जिंकला. एक गोल पी. के. बॅनर्जींचा आणि दुसरा जर्नेल सिंगांचा! त्यानंतर आशियाई स्पर्धेतलं फुटबॉलचं सुवर्णपदक भारताला पुन्हा मिळालेलं नाही. मागच्या माणसाला पुढं पाठवताना रहीमसाहेबांनी त्याची मागची जागा इतरांत वाटून दिली होती, हे मात्र ध्यानात ठेवा. त्याचं काम आपल्याला पुढं पडणार आहे.

आता खऱ्याखुऱ्या गोलकीपरांकडे वळू. त्यांचे काही गोल निव्वळ वाऱ्याचे आणि टप्प्याचे असतात. आपल्या गोलाजवळून जोरानं लाथाडलेला चेंडू वाऱ्यावर स्वार होतो, समोरच्या कीपरच्या पुढ्यात टप्पा घेतो आणि त्याच्या डोक्यावरून जाळीत. २ नोव्हेंबर २०१३ रोजी इंग्लंडमध्ये स्टोक सिटीच्या अस्मिर बेगोविचनं सामना सुरू झाल्यावर १३ सेकंदांत असा गोल केला, ९१.९ मीटरवरून. २०२१ च्या जानेवारीत न्यूपोर्ट काउंटीच्या टॉम किंगनं ९६.०१ मीटरवरून करून तो विक्रम मोडला. आकडे मोठे आहेत, पण मला त्यात विशेष काही वाटलं नाही. वाटलं ते एवढ्याचंच की गोल झाल्यावर बेगोविच नाचला-बागडला नाही. समोरच्या कीपरचं त्याला वाईट वाटलं. असल्या टप्प्यानं फसण्याचं दुःख काय असतं, ते दुसऱ्या कीपरशिवाय कुणाला कळणार?

दुसऱ्या तऱ्हेचे गोल असतात ते शेवटच्या घटकेचे. संघ हरतो आहे किंवा बरोबरीनं भागणार नाही, घड्याळ संपलंय, आणि कोपऱ्यातून चेंडू मारायला मिळतो. त्याला कॉर्नर म्हणतात. आता मागं राखण्यासारखं काही उरलेलंच नसतं. मग गोलकीपर आपली चौकट सोडून शंभर मीटर धावत समोरच्या गर्दीत घुसतो.

जिमी ग्लास नावाच्या इंग्रज कीपरची गोष्ट ऐका. १९९९ साली कार्लाइल युनायटेड ह्या लहानशा क्लबकडे हंगामाच्या शेवटी गोलकीपरच उरला नाही. खेळाडू घेण्याची मुदत टळून गेलेली. खास परवानगी काढून त्यांनी स्विंडन टाऊनकडून ग्लासला उसना आणला, आपण शेजारून वाटीभर साखर आणतो तसा. ८ मे रोजी अखेरचा सामना प्लिमथशी होता. जिंकले नाहीत तर १९२८ पासूनची लीगमधली जागा जाणार. नव्वद मिनिटं संपली, बरोबरी १-१. कॉर्नर मिळाला. ग्लास धावत सुटला. पहिला फटका समोरच्या कीपरनं परतवला, तो नेमका ग्लासच्या पायाशी आला आणि त्यानं गोल केला. कार्लाइल वाचलं. त्या क्लबकडून तो जेमतेम तीन सामने खेळला. पुढं त्याचं फुटबॉल लवकरच सुटलं आणि त्यानं टॅक्सी चालवून संसार केला. त्या एका फटक्याशिवाय त्याचं नाव आज कुणी घेतलं नसतं, आणि त्याच फटक्यामुळे ते कुणी विसरतही नाही.

आलिसन बेकरची गोष्ट मात्र सांगताना माझा हात थांबतो. हा ब्राझीलचा, लिव्हरपूलचा गोलकीपर. २०२१ च्या फेब्रुवारीत त्याचे वडील ब्राझीलमध्ये आपल्याच जागेतल्या तळ्यात बुडून गेले. इकडे बायको गरोदर, दिवस भरत आलेले, आणि सगळीकडे कोरोनाचे निर्बंध. वडिलांच्या अंत्यविधीला त्याला जाता आलं नाही. फोनच्या पडद्यावर त्यानं तो पाहिला. त्या वर्षांत आपल्यापैकी कितीजणींनी माहेरचं कुणी असंच पडद्यावर पाहून निरोप दिला, ते मला तुम्हांला सांगायला नको. तीन महिन्यांनी, १६ मे रोजी, वेस्ट ब्रॉमविचशी सामना. प्रेक्षकांना अजून बंदी, स्टेडियम रिकामं. ९५ वं मिनिट, बरोबरी १-१, कॉर्नर. आलिसन पुढं गेला आणि डोक्यानं चेंडू जाळीत घातला. लिव्हरपूल क्लब १८९२ सालचा. एवढ्या काळात त्यांच्या कुठल्याही गोलकीपरनं अधिकृत सामन्यात गोल केला नव्हता. सगळे त्याच्या अंगावर पडले. त्यानं वर आकाशाकडे हात केले. नंतर मुलाखतीत त्याला धड बोलता येईना. वडिलांनी हे पाहायला हवं होतं, एवढंच त्याच्या मनात होतं. मोठे मोठे धिप्पाड पुरुषही रडतात बरं का, आणि ते टीव्हीवर दाखवतातही. आपल्या मुलांना असं एखादं दृश्य अवश्य पाहू द्यावं.

तिसऱ्या तऱ्हेचे जे कीपर आहेत, त्यांचं मला खरं कौतुक. नशिबाची, वाऱ्याची, शेवटच्या मिनिटाची वाट न बघता ते नेमानं गोल करत आले. ब्राझीलच्या साओ पाउलो क्लबचा रोजेरिओ सेनी हा त्यांतला मेरुमणी. इतरांचा सराव संपला की हा मागं थांबायचा आणि फ्री किक मारत बसायचा, हजारोंनी. १५ फेब्रुवारी १९९७ रोजी त्याचा पहिला गोल झाला. २७ मार्च २०११ रोजी शंभरावा, तोही कॉरिंथियन्स ह्या हाडवैरी क्लबवर. २००६ साली क्रुझेइरोविरुद्ध तर त्यानं एकाच सामन्यात एक पेनल्टी अडवली आणि दोन गोल केले. २०१५ साली निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर सव्वाशेहून अधिक गोल होते. साऱ्या जगात कुठल्याही गोलकीपरनं एवढे केलेले नाहीत. पॅराग्वेचा होसे लुईस चिलावेर्ट हा दुसरा. १९९९ च्या नोव्हेंबरात वेलेस सार्सफिल्ड क्लबकडून त्यानं तीन पेनल्टी मारून हॅटट्रिक केली. देशाकडून खेळतानाही आठ गोल केले. हा मोठा भांडकुदळ गडी होता. पण भांडकुदळ माणसांचंही काम चोख असू शकतं, हे आपल्या प्रत्येकीच्या सासरी एखाद्या उदाहरणानं सिद्ध झालेलं असतं!

आता मुद्द्याची गोष्ट. कीपर पुढं गेला की घर कोण बघतं?

हान्स-योर्ग बुट हा जर्मन गोलकीपर पेनल्टी मारण्यात तरबेज होता. १७ एप्रिल २००४ रोजी लेव्हरकुसेनकडून शाल्कविरुद्ध त्यानं पेनल्टीवर गोल केला, आघाडी ३-१ झाली. सहकाऱ्यांनी मिठ्या मारल्या, पाठ थोपटली. तो सगळ्यांचं अभिनंदन स्वीकारत आपल्या गोलाकडे परतत होता. तेवढ्यात शाल्कनं मध्यावरून खेळ सुरू केला, आणि माइक हांकेनं तिथूनच रिकाम्या चौकटीत चेंडू मारला. ३-२! सामना लेव्हरकुसेननं जिंकला म्हणून बरं. सगळे बुटला हसले, आजही हसतात. पण मला सांगा, हार घालायला दहा जण होते, जरा दार ओढून घ्यावं असं त्यांतल्या एकालाही सुचू नये? तो घरी पोचेपर्यंत चेंडूजवळ जाऊन कुणी चार क्षण लावले असते, कुणी गोलात जाऊन नुसतं उभं राहिलं असतं, तरी भागलं असतं. बाई चार दिवस माहेरी गेली की परत आल्यावर सिंक भरलेलं आणि तुळस वाळलेली, आणि वर "तू नव्हतीस ना!" हे त्याच जातीचं.

कोलंबियाच्या रेने हिगितानं मात्र स्वतःच्याच हौसेनं घर उघडं टाकलं. तोही गोल करणारा कीपर. १९९० च्या विश्वचषकात कॅमेरूनविरुद्ध चेंडू घेऊन तो चौकोनाच्या पार बाहेर आला आणि ३८ वर्षांच्या रॉजर मिलाला हुलकावणी द्यायला गेला. मिलानं चेंडू हिसकावला, मोकळ्या गोलात टाकला आणि कोलंबिया स्पर्धेबाहेर. ही चूक एका घराएवढी मोठी होती, असं हिगिता नंतर म्हणाला. शब्द त्याला बरोबर सापडला म्हणायचा.

हे सगळं लिहायला कारण झालं एका मैत्रिणीचं पत्र. आपल्याच शहरातली आहे, सिडकोच्या बाजूची; नाव देत नाही. तिची मुलगी आठवीत. शाळेच्या संघात सरांनी तिला गोलकीपर केलं. आजी म्हणते, "धावणं नाही, पळणं नाही, नुसती उभी राहायला कशाला जातेस उन्हात?" बाबा म्हणतात, "एक तरी गोल करून दाखव, मग बूट आणू." एका सामन्यात संघ ३-० हरला, आणि परतताना रिक्षात तिच्याशी कुणी बोललं नाही. आता पोरगी म्हणते मला खेळायचंच नाही. आई विचारते, सरांना भेटून तिला पुढं खेळवा असं सांगू का?

सांगा ना, सांगायला काहीच हरकत नाही. पण त्याआधी एकदा वेणी घालताना, आजूबाजूला कुणी नसताना, मुलीलाच विचारा: तुला गोलात उभं राहायला आवडत नाही, की हरल्यावर एकटं पडायला आवडत नाही? ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं उत्तर आलं तर सरांकडे खुशाल जा. पुष्कळ ठिकाणी गोलात उभी केली जाते ती उंच म्हणून किंवा धीट म्हणून नव्हे, तर इतर कुणी तयार नसतं आणि ही 'नको' म्हणत नाही म्हणून. 'नको' न म्हणणाऱ्या मुलीच्या वाट्याला पुढं काय काय येतं, हे आपण ओळखून आहोत. तिला आठवीतच 'नको' म्हणता आलेलं बरं. दुसरं उत्तर आलं तर मात्र जागा बदलून भागणार नाही. मग बदल घरात करायचा. मॅचवरून आली की "किती गोल झाले?" हे विचारणं बंद, "किती अडवलेस?" हे विचारणं सुरू. आणि एकदा आजीला घेऊन मैदानावर जा. आमखास मैदान असो की गारखेड्याचं क्रीडा संकुल, मॅचच्या दिवशी सतरंजी घेऊन बसा आणि आजीलाच मोजायला सांगा. जपाची माळ हातात असतेच, एका अडवलेल्या चेंडूला एक मणी!

बाबांना सांगायला गोव्याचे ब्रह्मानंद शंखवाळकर आहेत. भारताच्या संघाचे गोलकीपर आणि कर्णधार. १९९७ साली अर्जुन पुरस्कार, २०२२ साली पद्मश्री, आणि तो सगळा मान गोल अडवण्याबद्दल. बूट आणायला तेवढं पुरेसं असावं.

आणि मुलीसाठी दोन बायकांची नावं देते. ऑस्ट्रेलियाची मॅकेन्झी अर्नोल्ड आणि अमेरिकेची अलिसा नेहर, दोघी गोलकीपर. विश्वचषकाच्या बाद फेरीत जादा वेळानंतरही बरोबरी राहिली की दोन्ही संघ आळीपाळीनं पेनल्टी मारतात. हे गोल खेळाडूच्या नावावर धरत नाहीत, पण सामना त्यांवरच ठरतो. १२ ऑगस्ट २०२३ रोजी ब्रिस्बेनला फ्रान्सविरुद्ध ऑस्ट्रेलियाची पाचवी पेनल्टी मारायला अर्नोल्ड स्वतः पुढं आली. गोल झाला असता तर सामना तिथंच जिंकला होता. चेंडू खांबाला लागला. भरलेलं स्टेडियम, सगळा देश टीव्हीपुढं, आणि तिला रडायलासुद्धा वेळ नाही, कारण लगेच गोलात जाऊन उभं राहायचं होतं. ती गेली. पुढं एक पेनल्टी तिनं अडवली. ती पुढं सरकली होती म्हणून पंचांनी पुन्हा मारायला लावली, तर तीही अडवली. ऑस्ट्रेलिया ७-६ नं जिंकलं.

नेहरचं नशीब निराळं. ६ ऑगस्टला मेलबर्नमध्ये स्वीडनविरुद्ध तिनं आपली पेनल्टी चोख मारली. पण शेवटचा चेंडू तिनं हातानं परतवला तो रेषेच्या आत की बाहेर, हे यंत्राला विचारावं लागलं. मिलिमीटरभर आत होता. अमेरिका हरली. २०२४ च्या मार्चमध्ये कॅनडाविरुद्ध तीच वेळ आली तेव्हा तिनं तीन पेनल्टी अडवल्या, एक स्वतः मारली आणि सामना काढला. पुढच्याच महिन्यात, पुन्हा कॅनडाविरुद्ध, पुन्हा तेच.

आपल्याकडच्या मैदानावरही असं घडलेलं आहे. २०१७ साली १७ वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकात कोलकात्याला इंग्लंडच्या कर्टिस अँडरसननं जपानविरुद्ध एक पेनल्टी मारली आणि एक अडवली. पुढं इंग्लंडनं तो विश्वचषकच जिंकला. पाच वर्षांनी मुलींचा विश्वचषक आपल्या नवी मुंबईत, मडगावला आणि भुवनेश्वरला झाला. तेव्हा मुलींचं फुटबॉल आता कुठं लांब राहिलेलं नाही.

म्हणून सरांकडे गेलात तर आणखी एक मागणी करा. सराव संपताना रोज पाच पेनल्टी तिलाही मारू द्याव्यात, आणि तेवढा वेळ गोलात दुसऱ्या कुणीतरी उभं राहावं. ही मेहेरबानी नव्हे, गरजच आहे. १९९२ पासून नियम असा की आपल्याच खेळाडूनं मुद्दाम पायानं मागं दिलेला चेंडू कीपरला हातात घेता येत नाही, त्यामुळे तिचे पाय तयार असावेच लागतात. आणि ज्या पुढच्या मुली आलटून पालटून पाच-पाच मिनिटं त्या २४ फुटांत उभ्या राहतील, त्या पुढच्या वेळी रिक्षात गप्प बसायच्या नाहीत.

शेवटी घरातलं. त्याच पत्रात विचारलं होतं की कीपरचे ग्लोव्ह्ज कसे धुवावेत, कारण वास फार येतो. तळव्याला लॅटेक्सचा मऊ थर असतो, तो फार नाजूक. वॉशिंग मशिनमध्ये मुळीच टाकू नका, ब्रशही नको, कपड्यांचा तिखट सोडाही नको. ग्लोव्ह्ज हातात घालूनच कोमट पाण्याखाली धरा, अंगाला लावायच्या सौम्य साबणानं हळूच चोळा, माती निघेपर्यंत धुवा. पिळू नका, बोटांकडे दाबत पाणी उतरवा. गच्चीवर उन्हात तर वाळत घालूच नका. आपल्या मराठवाड्याच्या उन्हात तळव्याचा थर कडक होऊन तडकतो. सावलीत, वाऱ्यावर, खिडकीच्या आतल्या बाजूला टांगा. खेळायला जाण्याआधी तळवे किंचित ओले केले तर पकड चांगली बसते. आणि वाळल्यावर तळव्याला तळवा लावून पिशवीत कोंबू नका. दोन्ही थर एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना निघून येतात. मध्ये जुन्या मलमलीचा एक तुकडा घालावा.